झुंबराचा हार आणि इब्रामपूरची संजना

परवा गावच्या जत्रेला पेडण्याला गेले होते. देवळातल्या मोठ्या पितळी झुंबराला पहिला हार बांधायचा मान आमच्या घराकडे आहे... बाबांनंतर तो माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे आला.

हार चढेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. लहानपणी बाबा शिडीवर चढले की मी आईचा पदर घट्ट धरायची. गेल्या वर्षी तसाच उपाशी चढताना दादाला चक्कर आली, पाय घसरला. खालच्याच पायरीवर होता म्हणून वाचला...

यंदा देवळाच्या कमिटीने वास्कोहून सिझर लिफ्ट मागवली. कात्रीसारख्या पायांवर सरळ वर जाणारा, कठड्याचा प्लॅटफॉर्म. ती चालवायला आली संजना, आपल्या शेजारच्या इब्रामपूरचीच मुलगी. डोक्यावर हेल्मेट, आणि आवाज थेट आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या कडक सिस्टरसारखा... ऐकताच माझी पाठ आपोआप ताठ झाली!

तिने आधी फरशी तपासली, लिफ्टभोवती दोरी बांधून माणसं मागे सारली. दादाला हेल्मेट घातलं, पट्टा आवळला. मग सहज विचारलं, "काका, सकाळधरून काय खाल्ल्यात?"

"हार बांधल्याबगर मी पाणीय घेणंय नाय."

"मगे मशीन वर जावचा नाय."

ढोलवाले थांबले. दादाचा चेहरा लाल झाला. "गो चेडवा, तुझ्या जन्माआधीपासून मी शिडयेर चडतंय!"

"आणि पडल्यात कितीदा?"

सगळे हसले. मला मात्र हसू येईना... दादा रागाने हार टाकून निघून गेला तर? आणि नाही गेला, तसाच उपाशी शिडीने वर चढला तर?

संजना हसली नाही. "मान तुमचो, काका. पण बटन माझ्या हातात. वर चक्कर इली तर पट्टो तुमका धरतलो, पण घरच्यांच्या काळजाक कोण धरतलो?"

दादाने एकदा गाभाऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझे डोळे भरलेले त्याला दिसले असावेत... भटजींनी नैवेद्यातलं एक केळं सोलून त्याच्या हातावर ठेवलं. दादाने अर्धं खाल्लं.

"सगळा," संजना म्हणाली.

दादाने निमूटपणे सगळं संपवलं, वर तांब्याभर पाणी प्यायला. मग दोघं वर गेली. दादाने हार बांधला. आणि खाली ढोल असे वाजले म्हणता!

आम्ही घरची माणसं त्याची काळजी वर्षानुवर्षं मनातच करत आलो. रीत मोडेल, दादा रागावेल म्हणून गप्प. ह्या पोरीने ती काळजी भर देवळात, मोठ्याने केली... सुखी रहा गो बाय.