भिंतीचं कलम

तिच्या टाइपरायटरचा पूर्णविराम कागदाला भोक पाडायचा. अर्ज उन्हाकडे धरला की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उजेड दिसायचा. कोर्टातल्या साहेबांनी एकदा तिला बोलावून विचारलंही, की बाई, हा अर्ज आहे की चाळणी? ती म्हणाली, "साहेब, मजकूरच तसा शे."

धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली आम्हा टायपिस्टांची टेबलं होती. तिचं माझ्या शेजारी. तुम्ही कधी कोर्टाची पायरी चढला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे दिवसभर एकच मजकूर टाइप होतो: शिवीगाळ केली, लाथाबुक्क्यांनी मारहाण केली, जिवे ठार मारण्याची धमकी दिली. माझी बोटं तो मजकूर झोपेतही उठवतील. ती मात्र प्रत्येक वेळी पहिल्यांदाच वाचतेय अशी वाचायची आणि तापायची.

बायकोचा हात मोडून आलेल्या एका इसमाने ती जिन्यावरून पडली असं लिहायला सांगितलं, "लिखा, जिनावरतीन पडनी." तिने विचारलं, "कितला दाव?" तो म्हणाला, चार वेळा. पुढचं मी बघितलं नाही, कारण मी टेबलाखाली गेलो होतो. पेपरवेट त्याच्या कपाळाला लागून माझ्याकडे आला. त्याला तीन टाके पडले, आणि आवारातल्या दलालांनी तिच्या टेबलापासून चार हात लांबून चालायची सवय लावून घेतली.

ती मुळात अशी नव्हती म्हणतात. अमळनेरच्या कॉलेजात बी.ए. झालेली, शांत पोरगी. या सगळ्याच्या दोन वर्षं आधी शेतात पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याने तिच्या भावाला कुऱ्हाडीने मारलं. भाऊ पाटातच पडला, आणि त्या दिवशी खालच्या तीन वाफ्यांना लाल पाणी गेलं. तिने ते पाहिलं होतं. मारणारा जामिनावर सुटला, आणि दर तारखेला समोरच्या टपरीवर पाय पसरून चहा प्यायचा.

सुनावणीत सरकारी वकिलांनी भावाचं नाव दोनदा चुकवलं. ती बाहेर येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "भाऊ, त्यास्नी कागद वाचेलच नही." त्याच आठवड्यात तिने जळगावहून गाइड मागवलं. नाशिकच्या एका लॉ कॉलेजने त्या वर्षी प्रवेशासाठी परीक्षा ठेवली होती.

अभ्यासाचं वेळापत्रक लोक वहीत आखतात. हिने ते प्रतिज्ञापत्र म्हणून टाइप केलं, लेजर पेपरवर, दोन कार्बन घालून. 'मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, रोज पहाटे चार ते सहा तर्काचे प्रश्न सोडवीन. पक्षकार नसेल तेव्हा इंग्रजीचे शब्द पाठ करीन. रविवारी जुनी प्रश्नपत्रिका सोडवीन.' आणि शेवटचं कलम: 'परीक्षा होईपर्यंत कोणावरही हात उचलणार नाही.' एक प्रत आईला दिली, एक स्वतःकडे ठेवली आणि स्थळप्रत माझ्या ड्रॉवरमध्ये. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

मग आमची करमणूक सुरू झाली. गाइडमध्ये प्रश्न असायचे: क ने ख ला काठीने मारले, ख ने क ला विहिरीत ढकलले, दोषी कोण? ती दात खात म्हणायची, "दोन्हीस्ले झोडाले पाहिजे!" मग डोळे मिटून स्वतःलाच दटावायची, "पहिले पुरं वाच, मंग बोल." दिवसातून पन्नास वेळा. आम्ही सगळेच ते म्हणायला लागलो, चहावालासुद्धा.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. टपरीवरचा तो आला. पाच टेबलं रिकामी असताना थेट तिच्यासमोर बसला आणि मजकूर सांगू लागला: मयताची बहीण हिच्यापासून माझ्या जिवास धोका आहे, सबब मला पोलीस संरक्षण मिळावे.

मला त्याचा डाव लगेच कळला. तिने एक थप्पड जरी मारली असती तरी त्याचा अर्ज खरा ठरला असता, तिच्यावर केस झाली असती आणि वकिली तिथेच संपली असती. मी उठलो. तिने हातानेच मला बसवलं आणि टाइप करू लागली. मध्ये एकदा तिची बोटं थांबली.

"लिख ना बाई, काबर थांबनी?" तो हसत म्हणाला. "तुना भाऊबी असाच थांबना व्हता, पाट धरीसन."

ती हलली नाही. उरलेला मजकूर उठवला, अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "विधान खरं शे. सही कर." त्याचं हसू गेलं. सही करून तो निघून गेला.

मग ती उठून पाण्याच्या टाकीमागे गेली. आम्हाला फक्त आवाज ऐकू आला, मुसळासारखा. मी धावलो तेव्हा दगडी भिंतीवर रक्त होतं आणि ती अजून मारतच होती. उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. मी ओरडलो, "अगं, कलम आठव!"

"'कोणावरही' असं लिखेल शे, भाऊ," ती भिंतीकडे बघत धापा टाकत म्हणाली. "भीत 'कोणी'मां येत नही."

दवाखान्यात नेताना मी रिक्षात रडलो, ती नाही. डाव्या हाताने उत्तरांवर खुणा करून तिने परीक्षा दिली आणि पासही झाली. ती नाशिकला गेली.

भावाच्या केसच्या निकालाच्या दिवशी ती परत आली. साक्षीदार फिरले होते. तो निर्दोष सुटला. गेटवर गुलाल उधळला जात होता. ती माझ्यासमोर बसली. तिच्या पिशवीतून भावाच्या विळ्याची मूठ डोकावत होती.

"परीक्षा व्हई गई, भाऊ. मुदत सरनी," ती म्हणाली. मी ड्रॉवरमधली स्थळप्रत काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती पुरती वाचली. गुलाल उधळणारे गेट ओलांडून जाईपर्यंत वाचतच राहिली. मग माझ्या मशीनवर कागद चढवला आणि वाकड्या बोटांनी तेच कलम पुन्हा टाइप केलं. फक्त 'परीक्षा होईपर्यंत'च्या जागी 'वकिलीची सनद मिळेपर्यंत'. विळा माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून ती गेली. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

तीन वर्षांनी पत्र आलं. 'भाऊ, सनद मिळाली. माझा विळा जपून ठेवलाय ना?'

मी त्याच दिवशी नवं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. 'मरेपर्यंत' असं लिहिलं, खाली साक्षीदार म्हणून सही केली आणि तिच्या सहीसाठी रजिस्टर पोस्टाने पाठवलं. ते अजून परत आलेलं नाही. तो माणूस हल्ली दुसऱ्या कुठल्यातरी केसच्या तारखांना येतो आणि टपरीवर चहा पितो. ड्रॉवरला मी कुलूप लावलंय, आणि किल्ली रोज घरी नेतो.