धोंडी परिचराची काळी बाटली

टोकावड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून जी माध्यमिक शाळा आहे, तिथे धोंडी बावीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होता, आणि त्या बावीस वर्षांत शाळेत एकही प्रयोग फसला नव्हता.

याचं कारण धोंडीच. सर वर्गासमोर मटकी ओल्या फडक्यात बांधायचे. दुसऱ्या दिवशी त्या जागी धोंडीने घरून आणलेली, बोटभर मोडांची पुरचुंडी असायची. फुंकर मारून चुन्याची निवळी दुधाळ झाली नाही तर होईल अशी सोय त्याने आधीच करून ठेवलेली असायची, चिमूटभर खडूची पूड नळीच्या तळाशी. पाणी उकळलं तरी थर्मामीटर सत्त्याण्णवावर अडायचं. सर म्हणायचे, शंभर लिहा. मुलं शंभर लिहायची. पुढेपुढे पाणी उकळायचंही बंद झालं. मागच्या वर्षीच्या वह्या धोंडी कपाटातून काढून द्यायचा, मुलं त्यातली निरीक्षणं या वर्षीच्या वहीत उतरवायची. निरीक्षण म्हणजे उतरवणं, असंच तिथल्या दोन पिढ्यांना वाटत आलं होतं.

त्या कपाटाची धोंडीला किळस होती. आत एका बरणीत बेडूक होता. कधीकाळी होता. आता पिवळ्या पाण्यात कातडीच्या चिंध्या तरंगत होत्या आणि तळाशी गाळ बसला होता. चिठ्ठीवर मात्र अजून 'बेडूक' लिहिलेलं. दरवर्षी मुलं रांगेने येऊन तो गाळ बघायची आणि वहीत चार पायांचा गुबगुबीत बेडूक काढायची. कपाट उघडलं त्या दिवशी धोंडी तीनदा हात धुवायचा, तरी भाकरीला तो वास यायचा.

यंदा जानेवारीत शाळेला दोन खोके आले. एकात साहित्य, दुसऱ्यात बारा गुळगुळीत तक्ते: 'विज्ञान म्हणजे काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न'. प्रश्न छापलेले, खाली उत्तरंही छापलेली. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शहापूरहून पाहुणे येणार होते, म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या दिपेश सरांनी नववीकडून सगळे तक्ते पाठ करून घेतले. सर रोज शहापूरहून मोटरसायकलवर यायचे आणि आले की खुर्चीत बसून डोळे मिटायचे. मिटल्या डोळ्यांनी ते विचारत, "विज्ञानात एखादी गोष्ट खरी कधी मानतात?"

बेचाळीस तोंडं एका सुरात म्हणत, "स्वतः तपासून पाहिल्यावरच!"

एखादा शब्द चुकला की पट्टी बसे.

काजल नावाच्या मुलीने एकदा विचारलं, "सर, पण हे तरी आपण तपासलंय का?"

"आधी पाठ कर," सर म्हणाले. वर्ग हसला. सरही हसले. धोंडी दारात उभा होता. त्या एकसुरी आवाजात त्याला स्वतःच्याच मोड आलेल्या मटकीचा वास येत होता.

साहित्याच्या खोक्यात करंगळीएवढ्या काही बाटल्या होत्या, आत तपकिरी कागदाची पट्टी. सोबतचा कागद धोंडीने तीनदा वाचला. खुणेपर्यंत पाणी भरा, हलवा, उबदार जागी दोन दिवस ठेवा. पाणी काळं पडलं तर त्यात मैला मिसळलाय असं समजा. वाचता वाचता त्याच्या डोळ्यांसमोर नात आली. चार वर्षांची रुपा. दिवाळीपासून दोनदा तिला मुरबाडला नेऊन सलाइन लावावी लागली होती. मुलगी-जावई वीटभट्टीवर, म्हणून पोर आजी-आजोबांकडे. दोन्ही वेळा सगळे म्हणाले, पोरांना होतंच.

धोंडीची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याशी. वाडीला एकच विहीर, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तीन वर्षांपूर्वी एक फार्महाऊस उभं राहिलं होतं. शनिवार-रविवारी तिथे तीस-चाळीस माणसं उतरायची. त्याने एका बाटलीत विहिरीचं पाणी भरलं आणि कपाटावर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पाणी काळं होतं. शाईसारखं नव्हे, शाईला चमक असते. हे पावसाळ्यात सडलेल्या गुराच्या डोळ्यासारखं काळं होतं. त्याने टोपण सैल केलं. नासलेल्या अंड्याचा भपकारा नाकात शिरला. सकाळी याच विहिरीचं दोन तांबे पाणी तो पिऊन आला होता. तो शाळेच्या मागे जाऊन ओकला.

दिपेश सरांनी बाटली दुरूनच पाहिली. "धोंडीमामा, हे कशाला? कार्यक्रमाला विकतच्या पाण्याने भरा. स्वच्छ दिसलं पाहिजे."

"पण सर, आमची वाडी हेच पिते."

"मग पंचायतीत सांगा ना. पाहुण्यांसमोर घाण मांडायची का? इतकी वर्षं तुम्ही सगळं नीट जमवलंत, आताच काय झालं?"

धोंडीने स्वच्छ पाण्याच्या बाटल्या भरल्या, टेबलावर मांडल्या, आणि कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे दाराशी आल्यावर खिशातून काळी बाटली काढून मधोमध ठेवली. त्याला एवढंच हवं होतं, कुणीतरी शिकल्यासवरल्या माणसाने ती बघावी आणि म्हणावं, हे पाणी बंद करा.

पाहुणे सोड्याच्या फेसाचा ज्वालामुखी बघून तिथे आले. त्यांनी बाटली उजेडात धरली. "वा! रंग फार छान जमलाय. काय घातलंत, शाई?"

"काय घातलेलं नाय साहेब. आमच्या विहिरीचं पाणी हाय."

पाहुणे खळखळून हसले. "असंच सादरीकरण पाहिजे! अगदी खरं वाटतं."

"आमचे धोंडीमामा कलाकार आहेत," सर घाईने म्हणाले. "त्यांचा प्रयोग कधी फसतच नाही."

"खरंच विहिरीचं हाय साहेब," काजल म्हणाली. तिने मघाशीच टोपण सैल करून पाहिलं होतं. "उघडा, वास घ्या."

"चहा होऊ दे बाळा," असं म्हणत पाहुण्यांनी बाटली हातात धरून फोटो काढून घेतला. ज्वालामुखीला पहिला नंबर मिळाला, काळ्या बाटलीला दुसरा. धोंडीच्या हातात प्रमाणपत्र आलं. त्याने त्याची घडी घातली आणि खिशात कोंबली, हागणदारीतला दगड उचलावा तशी दोन बोटांनी.

संध्याकाळी तो बाटली घेऊन तडक विहिरीवर गेला. बाया पाणी शेंदत होत्या, त्याची बायको सकुबाईही होती. कठड्यावर जैतू विडी ओढत बसला होता. जैतू फार्महाऊसवर राखणीला असायचा आणि वाडीत त्याच्या शब्दाला वजन होतं.

"हे पाणी पिऊ नका," धोंडी म्हणाला. "ह्यात वरचा मैला उतरलाय. बघा."

बायांनी बघितलं. मग एकजण तोंडाला पदर लावून हसली.

"धोंड्या, तू ना," जैतू म्हणाला, "शाळंत एका रातीत मटकीला मोड आणतोस. माझ्या पोराला सगळं म्हायती हाय. पाणी काळं करायला तुला काय जड?"

हशा पिकला. "पाणी बघ तरी, तळ दिसतोय," सकुबाई म्हणाली. "सगळ्यांत लाज काढलीस."

धोंडीने हातातली बाटली खाली केली. जैतू खोटं बोलत नव्हता. बावीस वर्षं आपल्या हातांनी जे केलं, तेच आज त्याच्या हातातल्या बाटलीत दिसत होतं सगळ्यांना. त्याला स्वतःच्या बोटांचीच घाण वाटली. ती बरणीतल्या चिंध्यांसारखी दिसत होती.

त्याने खिशातून एक कोरी बाटली काढली आणि सकुबाईच्या पायाशी ठेवली. "मी हात लावत नाय. तूच भर. खुणेपर्यंत. तोंडाला बोट लावू नको. तुझ्याकडंच ठेव, मला दाखवू पन नको."

"मला काय कळतंय ह्यातलं?"

"काळं का पांढरं, एवढं कळतंय ना?"

जैतूने विडी विझवली. "थांब गो. बाटलीतच काय लावलेलं असंल तर? कुठलं बी पाणी घातलं तरी काळं होईल." तो धोंडीकडे वळला. "अजून एक हाय का? दे हिकडं. मी वरच्या झऱ्याचं भरतो. दोन्ही काळी झाली तर तू लबाड."

बारा तक्ते पाठ करूनही हे बेचाळिसांतल्या एकालाही सुचलं नव्हतं. धोंडीने दुसरी बाटली दिली.

झरा तासाभराच्या चढावर, आणि या दिवसांत करंगळीएवढी धार. जैतू दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन भरून आला आणि बाटली त्याने फेट्यात खोचून ठेवली. सकुबाईने आपली तांदळाच्या कणगीत पुरली, वर पाटा ठेवला आणि दोन दिवस नवऱ्याला त्या कोपऱ्यात फिरकू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बाया जमल्या. आधी जैतूने काढली. पाणी आतल्या पट्टीच्या रंगाने चहाच्या पाण्यासारखं तपकिरी, भरलं होतं तसंच. मग सकुबाईने कणगीत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा तिच्या मुठीत काळं होतं. टोपण तिने स्वतःच उघडलं. वास ओट्यावर पसरला आणि बाया मागे सरकल्या.

कुणी हसलं नाही. जैतूने वरच्या फार्महाऊसकडे पाहिलं.

"संडासाचा खड्डा मीच खणला," तो म्हणाला. "पानी लागलं होतं खाली. मालक म्हनला, बरंच हाय, मुरून जाईल."

सकुबाई आत गेली, भरलेला हंडा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि अंगणात पालथा केला. मग दुसरा. मग ती चूळ भरावी तशी थुंकली, पुन्हा थुंकली, पण तोंड धुवायला घरात थेंब नव्हता. तिने धोंडीकडे पाहिलं.

"आता काय प्यायचं, सांग."

धोंडीने रिकाम्या हंड्यांपैकी एक खांद्यावर घेतला. जैतूने दुसरा उचलला. दोघं झऱ्याच्या वाटेला लागले, आणि मागे घरात झोपेतून उठलेली रुपा आजीकडे पाणी मागत होती.