आप्पांचा लाल क्रॉस

लष्करातले नर्सिंग असिस्टंट, नाईक हुद्द्याचे आप्पासाहेब चौगुले यांना गोळी लागली ती रविवारी, सकाळी बाजार भरायच्या वेळी. दंडावर लाल क्रॉसची पट्टी, हातात लाल क्रॉसचा झेंडा, शस्त्र नाही. अशा माणसावर गोळी झाडायची नाही, हा सगळ्या जगानं मान्य केलेला युद्धाचा नियम. तरी झाडली. का, ते ऐका.

आम्ही शांतिसेनेत आफ्रिकेत होतो. मी अँब्युलन्सचा ड्रायव्हर, कळंब्याचा. आप्पा गडहिंग्लजकडचे. गाडी चिखलानं बरबटलेली असायची, पण आप्पा रोज सकाळी तिच्यावरचा क्रॉस तेवढा साबणानं धुवायचे.

"आप्पा, गाडीला अभ्यंगस्नान घाला की एकदाचं!"

"गाडी तू धू. ह्यो लांबनं दिसला पायजे."

एकदा ओढ्याच्या दोन्ही काठांवरून दोन टोळ्यांचा गोळीबार चालू होता. मधे वाळूत तिघं पडलेले. रेडिओवर मेजरसाहेब म्हणाले, "अँब्युलन्स, होल्ड. ओव्हर."

"साहेब, जखमी हलतायत. झेंडा घेऊन उतरू? ओव्हर."

रेडिओ खरखरला. मग, "उतरा. सावकाश. ओव्हर."

आप्पा झेंडा उंच धरून चालू लागले. आधी डावा काठ थांबला. मग उजवा. ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. मशिनगनवरचा एक माणूस उभा राहिला आणि पाणी कुठं उथळ आहे ते हातानं दाखवू लागला. मी स्ट्रेचर घेऊन मागोमाग. वीतभर कापड आणि त्यावर दोन लाल पट्ट्या! एक बाई आणि दोन्ही टोळ्यांचा एकेक जखमी, तिघांना एकाच गाडीतून आणलं. आप्पांनी तिघांना एकाच बाटलीतलं पाणी पाजलं.

"बघितलंस न्हवं?" एवढंच म्हणाले.

पुढं एका टोळीनं लाल क्रॉस रंगवलेल्या गाडीतून काडतुसांच्या पेट्या नेल्या. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्या रविवारी बाजाराजवळ जखमी असल्याचा मेसेज आला. आप्पा तसेच झेंडा धरून उतरले. या वेळी गोळीबार थांबला नाही. त्यांना ओढून आत घेताना माझा गुडघा गेला, आणि नोकरीही. आप्पांनी गाडीतच जीव सोडला. नंतर गोळी झाडणाऱ्या टोळीचा म्होरक्या दुभाष्यामार्फत म्हणाला, "आम्हाला वाटलं, याही गाडीत काडतुसंच आहेत."

आता कोल्हापूर. परवा शाहूपुरीत नो-पार्किंगमध्ये एक गाडी. काचेवर पांढऱ्यावर लाल क्रॉस, मागच्या सीटवर गुळाच्या ढेपा.

"डॉक्टर हायसा काय?" मी गाडीवाल्याला विचारलं.

"न्हाय ओ पावणं. ह्यो बघून पोलीस सोडत्यात की!"

हसत होता. त्याला वाटतं, स्टिकरनं कुणाचं काय बिघडतंय? बिघडतं ते हेच: खूण बघितली की आत जखमीच असणार, हा भरवसा. तेवढ्यावरच त्या दिवशी ओढ्यात मशिनगन थांबली. म्हणूनच परवानगीशिवाय ही खूण लावायला आपल्याकडंही कायद्यानं बंदी आहे. डॉक्टरांनासुद्धा.

नाईक आप्पासाहेब चौगुले ती खूण रोज साबणानं धूत होते. तुमच्या गाडीवर ती असेल तर उठा. आत्ता जा, आणि खरवडून काढा.