बाप्या फूल

माझं अक्षर कोंबडी चिखलात चालून गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला अजून कळत नाही. चौथीनंतर हातात पाटी राहिली नाही, विळा आला. हे कोणी वाचलंच, तर चुका पोटात घालाव्यात.

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. पावसात भोपळ्याचा वेल जमिनीवर सोडला की फळ कुजतं, म्हणून एका वर्षी मी परसात मांडव घालायचं ठरवलं. माझे यजमान मुंबईला गिरणीत होते, त्यांना विचारायला वेळ नव्हता. बांबूसाठी आणि सुंभासाठी थोरल्या जाऊबाईंकडून पैसे घेतले. त्यांची चूल वेगळी, घर कुंपणापलीकडे. पैसे देताना त्या चारचौघींत हसत म्हणाल्या, "गौरीच्या आत फेड हां. नाय तर बांबू उपटून नेईन, गोठ्याला हवेच हायत मला."

वेल मांडवभर पसरला, फुलांनी पिवळा झाला, पण भोपळा एक धरेना. फुलाखालचा बारका भोपळा पिवळा पडायचा आणि गळायचा. ज्या फुलाखाली असा भोपळा नसतो, त्याला आमच्याकडे वांझ फूल म्हणत. सासूबाई उजाडताच ती सगळी खुडत आणि तांदळाच्या पिठात घोळून भजी करत. मीही आवडीने खायची.

त्याच मांडवावरचा एक फाटा आमच्या गोठ्याच्या छपरावर चढला होता. एकदा भांडी घासताना मान वर केली, तर छपराच्या टोकाला मुठीएवढा भोपळा! वेल तोच, माती तीच. मग तिथेच कसा धरला? बघत बसले तेव्हा उमगलं. तिथवर सासूबाईंचा हात पोचत नव्हता. तिथली वांझ फुलं वेलावरच होती.

सासूबाईंसमोर तोवर मी "हो" आणि "आणते" यापलीकडे बोलले नव्हते. दुसऱ्या सकाळी त्या परडी घेऊन आल्या तेव्हा मी मांडवाखाली वाट अडवून उभी राहिले.

"आत्याबाय, आज फुलं नका खुडू."

"का गो? अंगात आलं काय तुझ्या?"

"ती वांझ नाय हायत." मी फुलाकडे बोट दाखवलं. "ते बाप्ये हायत."

कुंपणापलीकडून जाऊबाई ओरडल्या, "ऐका गो बायांनो! आमचे बाप्ये मुंबईला, नि हिचे मांडवावर!"

सासूबाई इतक्या हसल्या की परडी खाली ठेवावी लागली. "ऱ्हावंदे तुझे बाप्ये. भोपळा नाय लागला तर तुझीच भजी करीन."

पण नुसती फुलं ठेवून भागेना. पावसाच्या झडीत मधमाशी फिरकत नव्हती, आणि फुलातला पिवळा भुगा भिजून जात होता. मग मी पहाटेच इरलं डोक्यावर घेऊन जायची. नुकतंच उमललेलं बाप्या फूल खुडायचं, खाली बारका भोपळा असलेल्या बाई फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचं आणि वर पळसाचं पान दोऱ्याने बांधायचं, पाणी शिरू नये म्हणून.

"लगीन लावतेस तर मंगलाष्टकं म्हण की," सासूबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी पळसाची पानं त्यांनीच आणून दिली. काम झालेली फुलं मी त्यांच्या परडीत टाकायची, त्यामुळे भजीही चुकली नाहीत.

त्यानंतर बारके भोपळे गळेनात. हिरवे झाले, फुगले, मांडव वाकायला लागला तेव्हा खालून टेकू दिले. वाडीतल्या बाया बघायला आल्या. त्या वर्षापासून आमच्या वाडीत वांझ फूल कोणी म्हणत नाही, बाप्या फूल म्हणतात. पुढे लेकीच्या शाळेच्या पुस्तकात वाचलं, त्या भुग्याला पराग म्हणतात. वाचून मी एकटीच चुलीपुढे हसले.

गौरीच्या आधी भोपळे यस्टीच्या टपावर चढवले आणि महाडच्या बाजारात जाऊन बसले. ओरडणं मला जमत नव्हतं. एक बाई म्हणाली, "भाव सांगायला लाजतेस होय?"

"भाव सांगीन," मी म्हणाले, "कमी नाय करणार."

दुपारच्या आत पाट्या रिकाम्या झाल्या.

परतल्यावर पाय न धुता थेट जाऊबाईंच्या पडवीत गेले. "बस तरी गो," त्या म्हणाल्या, "बांबू काय पळतायत?" मी पदराची गाठ सोडून पैसे त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, "मोजा." त्यांनी मोजले, परत एकदा मोजले आणि कनवटीला लावले. सगळे फिटले होते. बांबू आता माझे होते.