एका दमातले आकडे

मी चौथीतून शाळा सोडली. कुणी आकडे विचारले की अजून घाम फुटतो. त्यात आम्ही पार नांदेडच्या पलीकडचे, ऊसतोडीला नेवाशाकडं आलेलो. बायकोनं उसाच्या पाचटात हात घातला आणि तिला नाग डसला. नेवाशाच्या दवाखान्यात इंजेक्शनं देऊन तिला लगेच नगरला पाठवलं. मुकादम सोबत होता. वाटेत म्हणाला, "मोठ्या दवाखान्यात वळख लागती. न्हाईतर बाहेरच ठिवत्यात." ते डोक्यात बसलं.

आयसीयूत एकच खाट रिकामी होती. डॉक्टरबाईंनी बायकोच्या पापण्या बघितल्या, मान उचलायला लावली. म्हणाल्या, "एका दमात आकडे म्हणा. मध्ये श्वास घ्यायचा नाही."

"उसाच्या मोळ्या मोजते तसे?" म्हणत बायको पस्तीसपर्यंत गेली.

"छान," बाई म्हणाल्या, आणि खाट दिली सावेडीहून कारनं आलेल्या म्हाताऱ्याला. त्याला एकसुद्धा आकडा विचारला नाही. आम्हाला वॉर्डात, सिस्टरच्या टेबलाजवळ ठेवलं. म्हटलं, निघाली त्याची वळख. आमची उगंच परीक्षा घेतली, अडाणी हायेत का बघायला.

बाई सारख्या यायच्या, पुन्हा तेच आकडे. बायकोच्या पापण्या उतरायला लागल्या, आवाज नाकातून यायला लागला. पस्तीसाचे वीस झाले. नापास झाली तर परत धाडतील, ही मला धास्ती. पुढच्या वेळी ती बारावर अडली तसा मी कानाशी कुजबुजलो, "तेरा, चौदा... दम घे अन् म्हन."

"ओ दादा!" बाई कडाडल्या. "विष श्वासावर चढतंय का ते बघतेय मी. आकडे कमी आले तरच आत घ्यायचं. तुम्ही वाढवलेत तर बाहेरच राहील ही."

बायको तेवढ्यातही पुटपुटली, "शाळंत बी... आसंच?"

मी तोंड दाबून उभा राहिलो. बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. आठ. लगेच पळापळ झाली. आतला एक बरा होत आलेला पोरगा वॉर्डात हलवला आणि हिला आत नेऊन नळी घातली. तरी त्या पहिल्या खाटेचं माझ्या मनातून जाईना. बाकावर त्या म्हाताऱ्याचा मुलगा बसला होता. त्याला विचारलंच, "तुमची वळख हाय का इथं?"

"ओळख?" तो म्हणाला. "वडलांना बोलताच येत नव्हतं हो. दम लागून शब्दच फुटेना."

मी बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

नळी निघाली त्या सकाळी बाईंनी तिला पुन्हा आकडे म्हणायला लावले. माझे ओठ हलायला लागले तशा त्यांनी डोळे वटारले. ती म्हणत गेली, म्हणत गेली. बाई हसल्या, "पुरे. आता खाट सोडायची."

त्या बाईंना मी आजही हात जोडतो. पण बायकोला बाहेर आणताना दारात दुसरा पेशंट होता, तोंडानं आकडे म्हणत. त्याचा बाप आमच्याकडं बघत होता. ती नजर माझ्या ओळखीची होती. म्हटलं, "काका, त्याला काही सांगू नका. म्हनंल तेवढं म्हनू द्या." त्यानं माझ्याकडं आणखीच संशयानं बघितलं.