पांढऱ्या कोटातली मुलगी

वाटूरच्या शिक्षक प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी दुपारी माझा तास होता: वर्गात एआय वापरताना काय करायचं नाही. जेवणानंतरच्या तासाला कुणी ऐकत नाही. म्हणून मी आधी विचारलं, कुणी वापरलंय का? असेल तर दाखवा.

मागच्या बाकावरचे एक तरुण सर उठले. आमच्याकडे शाळेत काहीही केलं की त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा लागतो, नाहीतर ते झालंच नाही असं धरतात. वृक्षारोपणाला रोपाच्या आधी फोन चार्ज करून ठेवतात. या सरांनी सातवीच्या मुलांचे फोटो एआयला देऊन ‘मोठेपणी मी’ असा उपक्रम केला होता. पडद्यावर एकेक चित्र येऊ लागलं. पायलट, फौजदार, कलेक्टर. टाळ्या पडत होत्या. मग एक डॉक्टर आली. पांढरा कोट, मोकळे केस, रंगवलेले ओठ, लग्नाच्या वयाची. शेजारी मूळ फोटो होता: गणवेश, दोन वेण्या, बारा वर्षांची पोर. चेहरा तोच.

हे कुठे कुठे टाकलं, मी विचारलं. शाळेच्या ग्रुपवर आणि गावच्याही, सर म्हणाले. पालकांना विचारलं होतं का?

“मॅडम, लेकराला डॉक्टर केल्यावर कोन न्हाई म्हणंल?”

सगळे हसले. मुलगी शाळेत येते का, मी विचारलं. चार-सहा दिवस आली नव्हती. कापूस वेचायला गेली असेल, सर म्हणाले. घरी शेत आहे का? नाही, वडील जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात. हे सांगता सांगताच कापसाचं कारण खरं नसणार, हे त्यांच्याही लक्षात आलं.

तास मी पुरा केला. काय बोलले ते आठवत नाही. संध्याकाळी सरांच्या मोटारसायकलवर बसून त्यांच्या शाळेच्या गावी निघाले. माझ्यावर कारवाई होईल का, असं त्यांनी वाटेत दोनदा विचारलं. ते नंतर बघू, आधी रस्ता बघा, मी म्हटलं.

मुलीचे वडील नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा ठेवायला सांगितला. त्यांना भांडायचं नव्हतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. ज्याचं ठरलेलं असतं तो भांडत नाही. मुलीला पिंपळगाव रेणुकाईला मावशीकडे ठेवणार होते. शाळेचं पुढच्या वर्षी पाहू, म्हणाले. या वयाच्या मुलीच्या बाबतीत ‘पाहू’ म्हणजे काय होतं ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे.

कारण त्यांनीच सांगितलं: कारखान्यात जेवायच्या सुट्टीत एकाने ते चित्र दाखवत त्यांच्यापुढे फोन धरला होता. तुमच्या गावची डॉक्टरीण दिसते, लग्नाची आहे का, असं विचारलं होतं. ही माझी मुलगी, असं त्यांना सांगता आलं नव्हतं.

“मी आत्ताच डिलीट करतो,” सर म्हणाले.

“म्या बी केलं की. माझ्या फोनमधून. बाकीच्याईच्या फोनमधून कोन काढील?”

सरांनी फोन खिशात ठेवला. मी एवढंच विचारलं की चूक सरांची आणि घरी बसणार ती, हे तुम्हाला बरोबर वाटतं का? मग मी मुलीला बाहेर बोलवायला सांगितलं. सरांनी तिच्यासमोर चूक कबूल केली. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “पन मी डॉक्टर म्हणलंच नव्हतं. मी एसटी चालवायची म्हणलं होतं.”

ते बरं दिसलं नसतं, सर पुटपुटले.

“एसटी?” वडील म्हणाले. “तुला सायकल तरी येती का?”

“येती. तुम्ही कामावर गेल्यावर शिकले.”

वडील माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, “सोमवारपासून धाडतो. पन हिचा फोटो कुनी बिलकुल काढायचा न्हाई.”

सोमवारी परिपाठ झाल्यावर मी सरांना फोन केला. आली होती. शेवटच्या बाकावर बसली होती.

पुढे काही दिवसांनी सकाळी माझ्या सासरच्या ग्रुपवर जाऊबाईंचा सुप्रभातचा निरोप आला. मुलींना शिकवा, अशी एक ओळ, आणि खाली तीच. पांढरा कोट, मोकळे केस. मी त्यांना लगेच फोन लावला. त्यांना ते भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आलं होतं.

“का गं, किती गोड आहे पोरगी,” त्या म्हणाल्या. “आमच्यात एकीने तर विचारलं, कुणाची आहे म्हणून.”

काढून टाका, मी म्हटलं. त्यांनी काढलं. मीही काढलं, माझ्या फोनमधून. मग सरांना फोन लावला, आजही ती आली आहे का ते विचारायला. फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही. परिपाठाची वेळ होती.