मंत्रिमहोदयांचा खडा

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. बाबा आचारी. उज्जैनच्या नदीघाटावर कुणाचं ब्राह्मणभोजन असलं की पन्नास पानांचे दाल-बाफले आणि लाडू ते एकटे उरकत, पण सही करायची वेळ आली की अंगठा पुढे करत. मंत्रिमहोदयांच्या स्वागताचं भाषण प्राचार्यांनी मला दिलं तेव्हा घरात काय झालं, ते मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही. एवढंच सांगते, की त्या रात्री बाबांनी वरणात मीठ दोनदा घातलं आणि आम्ही सगळ्यांनी ते आवडीने खाल्लं.

ते वर्ष मोठं गमतीचं होतं. आपलं मध्य भारत मोडून नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, नव्या मंत्रिमंडळात कोण राहणार आणि कोण घरी बसणार, याशिवाय गावात दुसरं बोलणं नव्हतं. आमच्याकडे येणारे मंत्रीही त्याच टांगणीला होते; आजारी म्हटलं की नाव कटणार. कॉलेजातल्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन त्यांच्या हातून व्हायचं होतं, पण त्यांचा दौरा दोनदा पुढे ढकलला गेला. दोन्ही वेळा वर्तमानपत्रात एकच ओळ आली: किंचित सर्दी, प्रकृती उत्तम.

माधव नगरातला चहावाला ती ओळ मोठ्याने वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, "ऐसी कौनसी सर्दी है भाई, जो वैशाख में भी नहीं जाती?"

तिसरी तारीख ठरली. प्राचार्यांनी मला बोलावून भाषणात एक वाक्य वाढवलं. "आपका उत्तम स्वास्थ्य देखकर हमारा हृदय हर्ष से भर उठा है." ते म्हणाले, "हे वाक्य जसंच्या तसं यायला हवं. सेक्रेटरीसाहेबांचा खास निरोप आहे. जमत नसेल तर आत्ताच सांग, वकीलसाहेबांचा मुलगा तयारच आहे."

मी जमेल म्हणाले. न जमून कसं चाललं असतं? बाबांनी त्यासाठी काळा कोट शिवून घेतला होता. मे महिन्यात! मी मंचावर उभी राहिलेली त्यांना बघायची होती, आणि कॉलेजच्या फाटकाच्या आत ते तोवर एकदाही आले नव्हते.

दोन दिवस आधी बाबांना घाटावरच्या एका लहानशा शिवमंदिरातून बोलावणं आलं. अकरा ब्राह्मण मृत्युंजयाच्या जपाला बसणार, त्यांचा स्वयंपाक करायचा. यजमान कोण ते विचारायचं नाही. मीही बरोबर गेले. बाबा चूल पेटवत होते आणि मी पायरीवर नदीकडे तोंड करून भाषण पाठ करत होते. "हर्ष से भर उठा है" इथे माझा आवाज दर वेळी बारीक व्हायचा.

तेवढ्यात टांग्यातून एक गृहस्थ उतरले. धोतर स्वच्छ, नजर चोरटी. हेच ते सेक्रेटरीसाहेब, मंत्र्यांचे खासगी चिटणीस. ते ग्वाल्हेरकडचे, आमच्या घाटाची रीत त्यांना ठाऊक नसावी. ते मंदिरातल्या गुरुजींच्या कानाशी लागून म्हणाले, "चुपचाप निपटा दीजिए. किसी को पता न चले."

आमचे गुरुजी डाव्या कानाने कमी ऐकतात, आणि साहेब नेमके त्याच कानाशी लागले होते.

"संकल्प बिना कैसे होगा?" गुरुजी गर्जले. "नाम बोलिए, गोत्र बोलिए, रोग बोलिए!"

"बस, एक भक्त, ऐसा बोल दीजिए."

"एक भक्त? भोलेनाथ को क्या बोलूँ, कि कोई है, कुछ हो गया है, देख लेना? साहब, उनके पास रोज हज़ार भक्त आते हैं. किसका रोग उतारेंगे? किसी दूसरे का उतर गया तो?"

बाबांनी चुलीत फुंकर मारायची थांबवली. साहेबांनी इकडे तिकडे बघितलं आणि नाव सांगितलं. मग गोत्र. मग, अगदीच नाइलाज झाल्यावर, अगदी हळू, रोग. गुरुजी विचारात पडले. रोग त्यांना कळला होता, पण त्याचा संस्कृत शब्द आठवत नव्हता. आणि गुरुजींची सवय अशी, की काही अडलं की ते खालच्या पायरीवर छत्री लावून बसलेल्या ज्योतिषीबुवांना विचारतात. तसंच त्यांनी विचारलं, दोन्ही हात तोंडाशी धरून:

"अरे शास्त्रीजी! मंत्रीजी की पथरी को संस्कृत में क्या बोलेंगे?"

"अश्मरी!" खालून उत्तर आलं. "मूत्राश्मरी! कितनी बड़ी है?"

पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका थांबल्या. नाव वल्हवणारा थांबला. सेक्रेटरीसाहेब मटकन पायरीवर बसले. बाबा त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन गेले आणि म्हणाले, "साहेब, पथरीत काय लाजायचं? कुळथाचं कढण द्या."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी पळाले.

संध्याकाळपर्यंत खडा सगळ्या उज्जैनचा झाला. लोक चिडले असतील म्हणावं, तर तसंही नाही. दोन महिने ज्यांनी "सर्दी" ऐकून नाकं मुरडली होती, तेच आता हळहळत होते. "अरे बिचारा! मेरे साले को हुई थी, ज़मीन पर लोटता था." मंत्री उतरणार होते त्या विश्रामगृहाच्या दारात पपईचं मूळ आलं, केळीच्या खोडाचा रस आला, कुणीतरी एक वैद्यच आणून बसवला. चहावाल्याने जाहीर केलं, "पहले बोल देते तो अब तक निकल जाती!"

पण माझी झोप उडाली. भाषणातलं ते वाक्य आता कसं म्हणायचं? सभागृहातल्या एकूण एक माणसाला खडा ठाऊक. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "आपल्याला अधिकृतरीत्या काही ठाऊक नाही." मी बाबांना विचारलं. ते कोटाची गुंडी लावून बघत होते. म्हणाले, "मला शिकल्यासवरल्याचं काय कळतं, पोरी? पण ज्याला दुखतंय, त्याच्या तोंडावर तू मजेत आहेस म्हणणं, हे कसं वाटतं?" मग गुंडी पुन्हा काढत, "पण प्राचार्य रागावतील तसं नको करू हो."

म्हणजे काय करू, ते त्यांनीही सांगितलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. नानाखेड्याच्या रस्त्याने बैलगाड्या करून लोक आले होते. प्रयोगशाळेत कुणाला रस असणार? सगळे मंत्र्यांचा चेहरा बघायला आले होते. मंत्री आले. गोल, प्रेमळ तोंड, कपाळावर घाम, एक हात कमरेवर. ते हळूच खुर्चीत टेकले, आणि सगळ्या सभागृहाने त्यांच्याबरोबर श्वास रोखला. शेवटच्या रांगेत काळ्या कोटात बाबा, मांडीवर फडकं बांधलेली कासंडी.

माझं नाव पुकारलं गेलं. सुरुवातीची चार वाक्यं बरी गेली. मग ते वाक्य आलं.

"आपका उत्तम," मी म्हणाले.

तेवढ्यात मंत्र्यांच्या कमरेत कळ आली असावी. त्यांनी डोळे घट्ट मिटले. पहिल्या रांगेत सेक्रेटरीसाहेब मान हलवून "पुढे, पुढे" अशी खूण करत होते. वकीलसाहेबांचा मुलगा उठायच्या बेतात होता. आणि का कोण जाणे, मला पोटातून हसू येत होतं.

"आपका उत्तम स्वास्थ्य," मी म्हणाले, "हम सब चाहते हैं. आपको तकलीफ़ है, यह हमें मालूम है. आप बैठे-बैठे बोलिएगा, हमें बुरा नहीं लगेगा. मेरे बाबा कुलथी का कढण लाए हैं."

मग मंत्र्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि ते हसले. हसताना दुखलं, म्हणून "आय आय" म्हणाले, आणि त्याचंही त्यांना हसू आलं. मग सभागृह असं हसलं की प्राचार्यसुद्धा रुमालाआड गेले.

"कौन हैं बाबा? बुलाइए!"

कासंडी डोक्यावर धरून बाबा त्या सगळ्या गर्दीतून मंचावर आले. वाटेत लोक त्यांना वाट देत होते, "छलके नहीं, काका, छलके नहीं!" मंत्र्यांनी सगळ्यांसमोर कढण प्यायलं, तोंड वाकडं केलं आणि बसूनच माईक ओढून घेतला.

"भाइयो और बहनो, सर्दी नहीं है. पथरी है. बाईं तरफ़. मटर के दाने जितनी. डॉक्टर कहते हैं, मरूँगा नहीं. काम कर सकता हूँ या नहीं, यह आप देखते रहिए." मग बाबांकडे वळून, "कितने दिन पीना है?"

"गिरे तब तक, साहेब," बाबा म्हणाले.

एवढ्या टाळ्या त्या सभागृहात मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. भाषणाची उरलेली सात वाक्यं माझ्या हातात तशीच राहिली. ती म्हणायला मला कुणी सांगितलंच नाही.

प्राचार्य आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी मला कचेरीत बोलावलं. मी रडायच्या तयारीने गेले. त्यांनी एक पोस्टकार्ड पुढे केलं. कॉलेजच्या पत्त्यावर, माझ्या बाबांसाठी. त्यावर दोनच ओळी होत्या: "कल प्रातः गिर गई. आपके कढण को और आपकी बेटी को धन्यवाद."

प्राचार्य म्हणाले, "सूचनाफलकावर लावू का? बाबांना विचार."

घरी मी ते कार्ड बाबांना तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा त्यांनी ते हातात घेतलं आणि उगीचच ओळींवरून बोट फिरवलं. मग कोट चढवला.

"आधी घाटावर," ते म्हणाले. "जिथे सांगून मागितलं, तिथे सांगायला नको?"

गुरुजी आंघोळ करून वर येत होते. मी कार्ड वाचलं, त्यांच्या उजव्या कानाशी, अगदी हळू. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले.

"अरे शास्त्रीजी!"